अराव

रस्त्यावर पांढऱ्या रंगात ‘अराव’ लिहायचं,
हे माझं पोटापाण्याचं काम.
आमच्या वेल्श भाषेत अराव म्हणजे सावकाश.
शाळेपाशी, उतारावर, मेंढ्या आडव्या येतात त्या वळणावर
वितळलेला रंग ओतायचा,
वर काचेची पूड भुरभुरायची,
रात्री दिव्यांत चमकावी म्हणून.
अठरा वर्षं झाली.
गाड्या काही सावकाश जात नाहीत.

गेथिन उशिरा बसला, उशिरा उभा राहिला.
अजून जिना उतरतो तो बूड टेकत टेकत,
एकेका पायरीशी बोलणी करावीत तसा.
साडेतीन वर्षांचा होईतो
आई नाही, बाबा नाही, कुत्र्याला यू यू नाही.
आणि मार्चमधल्या एका सकाळी मागच्या सीटवरून
कोरड्या, स्वच्छ आवाजात:
अराव.

लोवरीनं करकचून ब्रेक दाबला.
मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं शिव्या दिल्या.
आम्ही दोघं रडलो भररस्त्यात,
माझ्याच अक्षरांवर गाडी उभी करून.

मग काही वाचायचं ठेवलं नाही त्यानं.
गटाराची झाकणं, थडग्यांवरची नावं,
खोकल्याच्या बाटलीवरचा मुंगीएवढा मजकूर,
दोन्ही भाषांतला.
तहान लागली का, विचारलं तर
माझ्या जाकिटावरचं कौन्सिलचं नाव वाचून दाखवतो.

खातो पाच गोष्टी. सगळ्या टोस्टच्या रंगाच्या.
टोस्ट चौकोनी हवा, त्रिकोणी भिंतीवर जातो.
पाचवं ते व्हॅनिला दही, एकाच कंपनीचं,
त्यावर जुलैत त्यांनी छापलं: नवी चव!
आत तेच होतं. शपथेवर सांगतो, तेच.
पण त्यानं वाचलं, आणि ओठ मिटले.
अकरा दिवस.
लोवरीनं कचऱ्यातून जुने कप काढले, धुतले.
अजून आम्ही रात्री, चोरांसारखे,
नव्यातलं जुन्यात ओततो.

शेजारच्या ग्लेनिसबाई म्हणाल्या,
भुकेला कोंडा गोड लागतो, ठेवून बघा उपाशी.
ठेवला. दीड दिवस.
त्या दीड दिवसाचं
मी कुणाला सांगत नाही.

बँगरच्या इस्पितळात पाच पानांचा अहवाल
टेबलावर होता. आम्ही हात लावायच्या आत
त्यानं उचलला, मोठ्यानं वाचला.
‘विलंब’ तीनदा, कारण तीनदा लिहिला होता.
कुठं अडखळला नाही. पानांचे आकडेही सोडले नाहीत.
फक्त डॉक्टरीणबाईंच्या सहीपाशी थांबला,
ती देवालाही लागली नसती.
बाई खिडकीकडे बघत राहिल्या.
मी त्याचं नाक पुसलं. दुसरं काय करणार.

काल रविवार. ताटाच्या कडेला लोवरीनं
नेहमीसारखे मटार ठेवले. खाईल म्हणून नव्हे,
ओळख राहावी म्हणून.
त्यानं ते एकेक सरकवले:
आधी उभी रेघ, मग पोट. ‘प’ झाला. आमचा, वेल्श ‘प’,
मटारच्या नावातलं पहिलं अक्षर.
एक मटार उरला.
तो चिमटीत धरला, दिव्याकडे नेला,
वास घेतला. ओठांना लावला.
माझा काटा हवेत तसाच. लोवरीचा घास गालात.
मग त्यानं तो परत ठेवला,
अक्षराच्या पायाशी, पूर्णविरामासारखा.

वहीत आहारतज्ज्ञांसाठी रकाना असतो. तिथं लिहिलं:
एक मटार. ओठ.
कुणाला फोन केला नाही.

आज त्या वळणावरचा शब्द पुन्हा भरायचा होता,
टायरांनी खाल्लेला, अर्धा.
रंग जरा जाडच ओतला.
गुडघ्यावर बसून कडा बोटानं नीट केल्या,
पोळलं तरी.
मागं गाड्यांची रांग लागली होती.
एकजण हॉर्नवरून हात काढत नव्हता.

वाजवू दे.