तळातलं पाणी

बेटिनाच्या धक्क्यावर, फेब्रुवारीत,
बोरा वारा दोन दिवस घोंघावून नुकता दमलेला.
दिंकाबाईंची तक्रार एवढीच:
दर वीस मिनिटांनी पंप सुरू होतो,
अकरा सेकंद गुरगुरतो, थांबतो.
रात्रभर.
बुडतेय का माझी बोट?

बार्बा येर्को उत्तर देत नाहीत.
बूट काढतात, फळी उचलतात,
टॉर्च दातांत धरून पालथे होतात इंजिनाशेजारी,
जिथं उजेडालाही ग्रीस लागतं.
बोट बुडवतात. म्हणजे हाताचं.
आणि चाटतात.

मी तोंड वाकडं करते.
"चव घ्यायला शीक, पोरी.
खारट लागलं तर समुद्र आत आलाय, पळ, झडपा बंद कर.
गोडं असेल
तर घरचंच पाणी मुरतंय कुठंतरी."

गोडं होतं. वर डिझेलचा तवंग.

मग घरचं शोधत बसलो.
फ्यूज शाबूत.
फ्लोट उचलला की पंप चालू, सोडला की बंद.
जाळीत अडकलेलं मी बाहेर काढलं:
वायरीचे तुकडे, ऑलिव्हची बी, लेबलाचा लगदा,
करड्या केसांचं बोटभर गुंतवळ.
ते मी फेकणार, तोच दिंकाबाईंनी हात पुढं केला.
"वित्स्को इथंच दाढी करायचा," म्हणाल्या,
आणि रुमालाची घडी घातली.

गरम पाण्याच्या टाकीची क्लिप ढिली, थेंब थेंब.
पण खरी गंमत होजमध्ये:
पंप थांबला की नळीत उरलेलं पाणी
उंबऱ्यावरून माघारी फिरायचं,
त्यात थेंबांची भर, की फ्लोट पुन्हा वर.
तेच चार तांबे पाणी
सबंध हिवाळाभर निघत होतं
आणि परत येत होतं.

"नळीत एकतर्फी झडप बसवू?" मी विचारलं.
"ती अडकली, की पंप गुदमरतो."
होज बारीक घेतला, आखूड केला, क्लिप अर्धा फेरा आवळली.
तळ स्पंजानं टिपला.

मग नुसतं बसलो. कॉफी. भिंतीवरचं घड्याळ.
एकोणीस. वीस. बावीस.
तेविसाव्या मिनिटाला दिंकाबाई उठल्या,
गुडघ्यावर बसल्या,
आणि फ्लोट स्वतःच्या बोटानं उचलून धरला.
कोरडाच गुरगुरला तो, 
अकरा सेकंद असतील.
बार्बांनी "जळेल" म्हटलं नाही.

बिलावर लिहिलं: होज दोन मीटर, क्लिप एक.
चव घेतल्याचे पैसे ते लावत नाहीत.