टाचे

गरम पाण्यात थोडा साबण, जास्त नको.
स्पंजने भिंत वरपासून खालपर्यंत भिजवायची,
मग पाव तास गप्प बसायचं.
कधी ओढायचं ते कागदच सांगतो.
सगुण घाई करतो,
त्याच्या हाती नुसत्या चिंध्या येतात.

चिंचिणीला, चर्चमागच्या गल्लीत,
एर्मेलिंदबाय कुलासोंची बसायची खोली.
मार्च महिना. बाल्कांवात काजूच्या बोंडांची टोपली.
त्यांचा आंबूस वास आणि भिजल्या खळीचा वास,
दुपारनंतर कुठला कुठला
कळेनासं झालं.

नवरा तारवटी. रॉटरडॅमहून आणलेले हे रोल,
पेटीत शर्टांच्या घडीखाली दडवून.
भिंतभर परदेशी रान,
लाल पिवळी पानं, पडायला निघालेली
आणि न पडलेली,
मधून एक वाट, वळणावर संपलेली.

"तो बोटीवर असला की
मी सोफा फिरवायची," बाय म्हणाली,
"वाटेकडे पाठ करून बसायची.
आला की पुन्हा सरळ."
आणि मग आत जाऊन
आमच्यासाठी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी रान उतरलं.
खाली निळ्या पट्ट्यांचा कागद, त्याखाली
पोर्तुगीज वर्तमानपत्रं, उलटी चिकटवलेली,
त्याखाली नीळ घातलेला चुना,
आणि चुन्याखाली चिरा, लालभडक,
हात लावला तर आतून गार.
खालच्या दोन हातांत लोणा धरलेला.
पत्र्याने खरवडला, पोतंभर निघाला.
सगुणने चाखून बघितला.
"खारट," म्हणाला, जणू मी नाहीच म्हणणार होतो.

खिडकीच्या डाव्या अंगाला, नीळ होती तिथे,
शिसपेन्सिलीने कुणी हिशेब मांडलेला.
देवनागरी, आखूड अक्षर, वर रेघ नाही.
चुना चार खंडी. वाळू. दोरी.
खाली: फटी, दिवस सहा,
रोज आठ तांगे,
आणि पुढे, ठळक, अडीच रुपी.

सोळा तांग्यांचा रुपी, माझा आजा सांगायचा.
मी बोटांवर मोजलं. तीन येतात.
पुन्हा मोजलं.
तीनच.
शिडीवर बसून राहिलो थोडा वेळ.
कोण हा फटी, कुठल्या गावचा,
एक दिवस त्याचा
या भिंतीत राहिला, एवढंच.
वाचता येत असतं तर बोलला असता.
की बोलला असेल,
आणि म्हणून अडीच इतकं ठळक.

"उस्ताद, टाचे मारू?" सगुण.
टाचे मारल्याशिवाय गिलावा धरत नाही,
गुळगुळीत भिंतीला सिमेंट चिकटत नाही,
चार महिन्यांत फुगून सुटतं.
भिंत आधी जखमी करायची असते.
हे मीच त्याला शिकवलं.
म्हटलं, तो कोपरा सोड, तो मी करतो.

बाकी सगळी भिंत झाली. ओळंबा लावला,
पाणी मारलं. मग छिन्नी घेतली.
शब्द मऊ होते. पहिल्या ठोक्याला चुना
अंगावर उडाला, डोळ्यात गेला.
फटी गेला, आठ गेले,
अडीच मात्र कठीण निघाले,
तीन चार ठोके घ्यावे लागले.

चिंध्या मागीलदारी जाळायला निघालो
तर बायने हात धरून थांबवलं.
ढिगातून वाटेचा तुकडा ओढला,
हातभर, वळणाचा,
झटकून बाल्कांवात पसरला
आणि त्यावर बोंडं वाळत घातली.

शनिवारी हिशेब.
सगुणच्या तळव्यावर सहा दिवस ठेवले,
परत घेतले, परत मोजले.
"काय झालं?" तो म्हणाला.
म्हटलं, ओल्या हातात नोटा
चिकटतात एकमेकींना.