गवत तेवढं हिरवं

दाल्काउएच्या धक्क्यापासून चौथं घर,
तिथून निरोप आला:
इस्मेनिया निळी पडलीय, लगेच ये.

मी धावले नाही.
तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

रोसामेल बार्रिया, फेरीबोटीवरचा जुना इंजिनवाला,
चुलीत ओलं लाकूड कोंबत म्हणाला, तूच बघ.
कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल, रुमालावर
कोंबडीच्या आकाराची मीठदाणी.
रुमालाची घडी झाल्याशिवाय
बटणाला हात लावू देत नाही तो.

व्हिडिओ सत्त्याण्णवचा. कॅसेटवरून सीडीत, सीडीतून इथं.
अख्खं लाकडी घर, खिडक्यांच्या पडद्यांसकट,
सोळा बैल जुंपून टेकडीवरून खाली ओढत नेतायत,
सगळं चिलोए जणू दोराला लागलेलं.
आणि सगळ्यांचे चेहरे निळे,
बुडालेली माणसं उठून कामाला आल्यासारखे.
पाद्री निळा. बैलांच्या जिभा निळ्या.
चालत्या घराच्या दारात इस्मेनिया,
खाली उतर म्हटलं तरी न उतरलेली,
हलवतेय निळा हात.

वायर असेल, तो म्हणाला. वायर बदलली.
मग स्क्रीन. पण फोटो तर नीट दिसत होते,
नातवाचे गाल लालच. स्क्रीन सुटली.
नवा ड्रायव्हर घातला.
ड्रायव्हर बदलून इंजिन सुधारतं होय? त्याने विचारलं,
आणि नाहीच सुधारलं.
ग्राफिक्स कार्डची मदत बंद केली, चालू केली,
छटेची पट्टी ओढली तर इस्मेनिया हिरवी झाली,
तेव्हा मात्र तो खुर्चीतून उठलाच.

पट्टी मागे नेली. आणि मग दिसलं, गवत.
गवत तेवढं पहिल्यापासून हिरवं होतं.
म्हणजे रंग कुठे गेले नव्हते.
लाल आणि निळा
एकमेकांच्या पाटावर जाऊन बसले होते,
मधल्या हिरव्याला कुणी उठवलंच नव्हतं.

प्लेअरच्या सेटिंगमध्ये, आत, आणखी आत,
चित्र उमटवायची पद्धत.
एक ओळ बदलली, बंद करून उघडलं.

वाऱ्याने सोललेले गाल परत आले.
पाद्र्याचं नाक.
इस्मेनियाचा हात, भांडी घासून लाल झालेला.
आणि घर पिवळं.

मला वाटलं, आता तो रडेल किंवा चहा टाकेल.
तो घराकडेच बघत राहिला.

पिवळं मी दिलं होतं, म्हणाला.
तिने कास्त्रोहून आकाशी रंगाचे दोन डबे आणले होते.
मी म्हटलं, आकाशी रंग बोटीला. घर धुक्यातून दिसायला हवं.
डबे शेडमध्ये राहिले, दगड होईपर्यंत.

जरा थांबून:
मघाशी घर तिच्या डब्यातलं होतं.

मी उलटं करून दाखवलं. घर आकाशी, ती निळी.
सुलट. ती जशी होती तशी, घर त्याचं.
पुन्हा उलटं.
दोन्ही एकदम नाही जमत?
नाही, म्हटलं. घराला रंग दिला की तिचा जातो.

त्याने इंजिन ऐकावं तसं ते ऐकून घेतलं.
मग म्हणाला, बिघडवायचं कसं, तेवढं लिहून दे.

इतकी वर्षं लोकांची यंत्रं दुरुस्त करते,
बिघाड कागदावर उतरवून दिला तो पहिलाच,
ठळक अक्षरात, बाणांसकट,
शेवटच्या बाणाखाली त्यानेच पेन्सिलीने लिहिलं: गवत तपासणे.

पैसे घेतले नाहीत म्हणून
धुरावलेल्या शिंपल्यांची माळ गळ्यात घातली माझ्या.
आठवडाभर माझ्या कोटाला त्याच्या चुलीचा वास.

रात्री शेवटच्या फेरीने उतरले की त्याची खिडकी दिसते.
आत काय चाललंय, कुठली इस्मेनिया,
थांबून बघते कधीकधी.
कळत नाही.
रस्त्यावरून प्रत्येक स्क्रीन निळसरच दिसते.