चालु

सिव्हिल, पुरुष वॉर्ड, खाट अकरा.
राजलिंगम गुंटूक, वय एकसष्ट, उजवी बाजू गेलेली.
अशोक चौकामागे चाळीस वर्षं यंत्रमागावर.
अंगावर दवाखान्याची चादर, कुठल्या तरी मागावरची,
तो डाव्या हातानं तिचा काठ तपासत राहायचा,
मालात खोट सापडली की डोळे मिटायचा.

मी दुसऱ्या वर्षाला, मंगळवेढ्याची.
वहीत लिहिलेलं: सांध्यांची हालचाल, दिवसातून तीनदा,
प्रत्येक सांधा पाच वेळा,
खालून आधार द्यावा, दुखेपर्यंत नेऊ नये,
रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे.
मी सांध्याकडे पाहायचे.
खांदा. कोपर. मनगट. बोटं एकेक.
वर पंखा गरम वारा ढवळत असायचा.

तो म्हणायचा, चालु.
मी म्हणायचे, हो मामा, चालू, चालूच आहे,
आणि अजून पाचदा.

तिसऱ्या दिवशी फरशी पुसता पुसता
अंबूबाई थांबल्या.
"अगं ए पोरी, तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
बास कर म्हणतोय तो, कवाचा."

तीन दिवस.
मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, रडणं झाकायला.
नळाला पाणी नव्हतं.

त्याची बायको नरसूबाई संध्याकाळी यायची,
विड्यांचा माल कारखान्यात देऊन, तंबाखूच्या वासासकट.
त्याचं एकेक बोट धरून
पान वळावं तसं वळायची,
शेवटी नखापाशी हलकेच दाबायची,
जसं विडीचं तोंड मुडपतात.
तिनं कुठलीच वही वाचली नव्हती.
तिच्या हातात तो चालु म्हणायचा नाही.

एका मंगळवारी ती आली नाही.
बुधवारी मुलगा आला, केस उतरवलेला, डोक्यावर टोपी.
दारातच मला म्हणाला, सिस्टर, सांगू नका,
बाबा टेन्शन घेतील.
मी आत जाऊन नाडी मोजली. एकशे चार.
नाडीला कुणी सांगितलं, कुणास ठाऊक.
त्यानं विचारलं, एक्कड?
एवढा शब्द मला येत होता. कुठं.
मी थर्मामीटर झटकत राहिले.

त्याच आठवड्यात पेपर होता.
दुःखाच्या पायऱ्या लिहा, पाच मार्क.
मी पाचही लिहिल्या, क्रमानं, अधोरेखित करून.
साडेचार पडले.

अंबूबाईंचा नवरा धाकटा मुलगा पोटात असताना गेलेला.
त्यांना मी पायऱ्या वाचून दाखवल्या.
त्या म्हणाल्या, "पायऱ्या कसल्या,
आमच्या घरकुलातल्या नळावानी असतंय ते.
पाचव्या दिवशी येतंय, रातच्या तीनला,
न्हायतर येतच न्हाय.
आलं की असतील तेवढी भांडी भरायची, वाटी बी सोडायची न्हाय.
मग कपडे धुवायचे."
आणि बादली उचलून निघून गेल्या.

रविवारी मुलानं सांगितलं. मी बाहेर उभी.
आतून आवाज आला नाही.
पुष्कळ वेळानं गेले तर
त्यानं डाव्या हातात उजवा हात घेतलेला,
एकेक बोट वळत होता, ओठ हलत होते,
ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु,
आणि पाचव्याला नखापाशी
अंगठा तसाच दाबून बसला.

मी चेहऱ्याकडे पाहिलं.
मग विचारलं, चालु?
तो म्हणाला, चालु.
कुठल्या भाषेत, ते कळलं नाही,
आणि विचारायची हिंमत झाली नाही.
मी स्टूल ओढून त्याचं मनगट हातात घेतलं,
हलवलं नाही,
सोडलंही नाही.

राऊंड आला तेव्हा चार्टवर
व्यायाम या रकान्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.
मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या.
बरोबरच होतं त्यांचं.