चाळीस मीटरची ओळख

मारियाम्पोलेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात
पहाटे पाचला, पारा उणे अकरावर,
मी लोकांच्या गाड्या ट्रेलरवर चढवते.
प्रत्येक गाडी माझी असते
चाळीस मीटरपुरती.

उजव्या पायाला काही विचारू नका,
त्याला सगळ्या सारख्याच.
डाव्याला विचारा.
लोक पायगुण म्हणतात तो माणसाचा;
मला गाड्यांचा कळतो, बुटाच्या तळातून.

ही फ्रेंच. पेडल म्हणजे शिळ्या दह्यात पाय.
आत तेल, तेलाला नळी, नळीत कुठेतरी
चिमूटभर हवा अडकलेली.
पाय पोचतो, निरोप पोचत नाही.

ही तारेवरची. तार आतून गंजली
की भाकरीत खडा लागावा तशी करकरते,
पण खोटं बोलत नाही.

ही जर्मन डिझेल, अर्ध्या वाटेपर्यंत अडून बसते
आणि मग एकाएकी माघार घेते.
झिद्रूनास म्हणतो, आत ताटलीसारखी स्प्रिंग आहे,
डब्याच्या फुगीर झाकणासारखी;
एकदा मधून वाकली की पुढे स्वतःच आत जाते.
माझा थोरला भाऊ असाच होता, मी म्हटलं,
फक्त त्याला कुणी अर्ध्यापर्यंत दाबलंच नाही.

आणि ही नवी, पाचच वर्षांची.
काहीच लागत नाही पायाला.
पेडलच्या मागे आणखी एक स्प्रिंग असते, मदतनीस.
म्हणजे कुठल्यातरी कारखान्यात
कुणीतरी कॉफी पीत ठरवलेलं असतं
पायाला किती कळू द्यायचं.

एक गोष्ट पटायला मला चार वर्षं लागली:
क्लच झिजला की पेडल हलकं होत नाही, जड होतं.
झिजलेलं सैल पडायला हवं ना?
नाही. ते अधिक जोर मागतं,
आणि पकड सरकत सरकत वर येते,
पार गुडघ्यापाशी.

म्हणून ती राखाडी ओपेल आली तेव्हा अडखळले.
पकड अगदी वर. गेला क्लच, मनात म्हटलं.
पण पेडल मऊ. घासलेल्या गाडीचं नव्हेच.
वर, आणि हलकं.
असं असूच शकत नाही.

रॅम्पवर मधोमध थांबले.
झिद्रूनास खालून ओरडतोय, मागे सात गाड्या,
आणि मी हातमोजा काढून
पेडलचं रबर चाचपतेय.
दोन भोकं. स्क्रूची.

सीटखाली सापडला लाकडी ठोकळा,
दोन बोटं जाड, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकलेला,
आणि ट्यूबमध्ये मधोमध एक खळगा,
माझ्या अंगठ्याला पुरेल एवढाच.
बाई असणार. ठेंगणी. का कोण जाणे, मला बाईच वाटली.
जमिनीपर्यंत पाय पोचत नव्हता,
तर तिने जमीन वर आणली;
कुणाकडून तरी तार ताणून घेतली,
थोडं दाबलं तरी सुटावं म्हणून.
कागदावर फक्त गाव होतं, गेंट,
आणि एकच मालक, एकवीस वर्षं.

घेणारा कझाकस्तानचा, येर्झान,
बसला की गुडघे स्टिअरिंगला.
दाबून बघितलं, कपाळाला आठी.
क्लच गेलाय का?
नाही, म्हटलं. पाय गेलाय.
त्याला माझं रशियन कळलं की नाही, ठाऊक नाही.
बॉनेट उघडून त्याने पाना लावला,
दहा मिनिटांत तार आपल्या मापाची केली.
एकवीस वर्षं, दहा मिनिटं.

ठोकळा द्यायचा राहिला.
घरी मागच्या दाराखाली सरकवलाय,
ते वाऱ्याने आपटायचं.

मग एक पांढरी व्हॅन. जड.
मग आणखी एक.