हेतूचा रकाना

पहिलं नाव विचारलंय, ते सोपं :
शिकलगार बाबालाल दस्तगीर.
वय एक्कावन्न. राहणार मिरज.
शिक्षण दहावी. गणितात पस्तीस,
त्यातले चार ग्रेसचे, पण ते सांगायला रकाना नाही.
व्यवसाय : तंबोरे.
पोरगं म्हणालं, अब्बा, 'वाद्य उत्पादक' लिहा.
मी 'तंबोरे'च ठेवलं.

मग हेतू.
तिथं पेन थांबलं.

भूपाल मगदूम, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर,
दुरुस्तीला एकतारी घेऊन आले होते, ती राहिली बाजूला.
वाळलेल्या भोपळ्यावर बोटानं ठोकत म्हणाले, ऐका :
डा डिट डा डिट, डा डा डिट डा.
याचा अर्थ, कुणी आहे का?
मोर्स नको असेल तर खालचा दर्जा मिळतो, सोपा.
मी म्हटलं, वरचाच द्या.
मिनिटाला आठ शब्द लागतात.
पावसाळाभर मी पाचावर अडकलेला.

गच्चीवर तार ओढली, वीस मीटर,
मधोमध कापून दोन्हीकडं दहा-दहा,
खाली मंगळवेढ्याकडचे भोपळे उन्हाला मांडलेले.
मगदूम म्हणाले, वीतभर जादा ठेवा, मग छाटत या.
हे मला शिकवायला नको होतं.
जवारी काढताना कानस एक हात जादा फिरली
की घोडी टाकूनच द्यायची.

हेतूत मी लिहिलं : ऐकणे.
अर्ज परत आला.
फोनवर कारकून बाई चांगल्या होत्या,
म्हणाल्या, काका, ऐकायला कशाला परवाना?
बोलायचं काय, ते लिहा.

पुन्हा पाठवला. मग पडताळणीला हवालदार खोत आले.
स्टुलावर बसले, चहा घेतला, मान वर करून तार बघितली.
कुणाशी बोलणार हो यावरनं?
जो सापडेल त्याच्याशी.
पाकिस्तानला लागतंय का?
लागतं, म्हटलं. लंकेला लागतं.
रात्री उशिरा ब्राझीलसुद्धा लागतं, नशीब असेल तर.
त्यांनी वहीत एकच शब्द लिहिला.
मला दिसला नाही.
जाताना एका तंबोऱ्याची किंमत विचारली, चपला घातल्या,
आणि उंबऱ्यावरनं म्हणाले,
पुरासाठी म्हणून लिहायचं की. पूर म्हटल्यावर कोण अडवत नाही.

पूर खरा आहे. त्या साली मगदूम तीन रात्री
ट्रकच्या बॅटरीवर सेट लावून बसले होते,
कुठल्या गल्लीत किती माणसं, एवढंच सांगत.
म्हणूनच मला ते लिहवेना.
दुसऱ्याचं जागरण माझ्या रकान्यात कसं घालू?

नियमांची पुस्तिका त्यांनीच वाचून दाखवली.
धंद्याची बात नको. राजकारण नको.
संगीत प्रक्षेपित करता येणार नाही.
हे वाचलं आणि माझ्याकडं न बघता
त्यांनी पान उलटलं.

त्यांना एक सांगितलेलं नाही.
दुकान बंद केल्यावर मी कानाला हेडफोन लावतो.
खरखर, खरखर, मग मध्येच एक उभा सूर,
कुणीतरी सेट चालू ठेवून बोलायचं विसरलेला.
मी मांडीवरचा तंबोरा त्याला मिळवत जातो.
आधी दोघांत लाटा उठतात, भराभर,
मग सावकाश, मग आणखी सावकाश,
आणि खुंटी केसभर फिरली की लाटच नाही.
त्या वेळी तो माणूस कुठंही असो,
त्याला माहीत नसतं.
हे लिहायचं कुठल्या भाषेत, दिल्लीला?

शेवटी पुस्तिकेतलाच शब्द उतरवला : स्व-प्रशिक्षण.
खोटा नाही. पाचाचे सहा झालेत.

परवाना यायचाय. अजून मला सही नाही, सांकेतिक अक्षरं नाहीत.
काल सव्वाअकराला गोंदियाचा एकजण हाक मारत होता,
आवाज घोगरा, सर्दी झाल्यासारखा.
हाक संपवून तो थांबला,
जेवढं थांबायचं असतं तेवढं.
बटणाला हात न लावता मी म्हणालो,
बाबालाल, मिरज.
आतनं शमशादनं विचारलं, कुणाशी बोलताय?
मी काही सांगायच्या आत
गोंदियावाल्यानं घसा खाकरला
आणि पहिल्यापासून सुरुवात केली.