निघून राहिलोय

महूच्या पुढे रस्ता आधी डांबर सोडतो, मग दिशा.
तिथे वनखात्याचं फाटक.
माणशी तीस रुपये, कॅमेऱ्याचे वेगळे.
सुतळीला बांधलेलं पेन, आणि रजिस्टर:
नाव, गाव, मोबाइल, प्रयोजन, जायची वेळ, यायची वेळ.
प्रयोजनाखाली सकाळी कुणीतरी लिहिलं होतं ‘झरना’,
त्याखाली सगळ्यांची दोन-दोन टिंबं.
आम्हीही टिंबंच दिली.

कुंदा पुण्याची, माझी मावसबहीण.
गाडीत म्हणाली, “तुमची इंदूरची मराठी गोड हं,”
जसं दुसऱ्याच्या बाळाच्या बोबड्या बोलांना म्हणतात.
मी फक्त म्हटलं होतं,
“पोहे खाऊन राहिलीस ना, मग जिरावन घे अजून.”

दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले.
गवत कमरेइतकं, वाळलेलं,
कुसळं सलवारीत शिरून बसलेली.
पुढे गुमानसिंग, रबरी चपलेत, न घसरता.
मागे आम्ही, नव्या बुटांत, घसरत.

“हे कोणतं झाड?”
पांढरंफटक, सोललेल्या सालीचं,
उतारावर कुणाची तरी वाट बघत ओणवलेलं.
कुंदानं फोन वर धरला. रेंज नाही.
गुमानसिंग म्हणाला, “कड़ाया. रात को देखो तो आदमी लगता है.”
“आणि मराठीत?”
कुंदा माझ्याकडे बघते.
मी कुंदाकडे.

आम्ही रामबागेतले. पाच पिढ्या.
नर्मदा ओलांडून आमच्याबरोबर आली ती मराठी
कचेरीची: जमा, खर्च, बाकी.
स्वयंपाकघराची. श्राद्धाची. भाऊबंदकीची तर भरपूर.
रानाची मराठी मागेच राहिली असावी,
किंवा कुणी बांधून घेतलीच नाही.
फौजेमागून चालणाऱ्या कारकुनाला
झाडाखाली बसायचं असतं,
झाडाला हाक मारायची नसते.

धबधबा आधी ऐकू येतो म्हणतात.
हा नाही आला.
वळण, दगड, माकडांनी फाडलेली चिप्सची पाकिटं, अजून एक वळण,
आणि एकदम दरी.
समोरच्या काळ्या कातळावर पाणी
बाळाच्या करदोड्याएवढं.
वारा आला की तेही बाजूला सरकायचं.
“एवढाच?” कुंदा म्हणाली.
सहाशे किलोमीटर आल्यावर माणूस म्हणणारच.
गुमानसिंगनं काठीवर हनुवटी टेकली.
“अभी थका हुआ है. भादों में आना, तब किसी की नहीं सुनता.”

खाली कुठेतरी छोट्या लाइनीची गाडी ओरडली
आणि बोगद्यात गेली असावी.
कुंदानं बूट काढले, मोजे काढले,
कड्याआधीच्या ओहळात पाय सोडले.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग पाण्याकडे बघतच:
“आई लग्न होऊन पुण्याला आली
आणि सहा महिन्यांत तिथल्यासारखी बोलायला लागली.
सासूबाई हसायच्या म्हणे.
फक्त तुझ्या आईचा फोन आला की
दार लोटून घ्यायची,
आणि आतून ऐकू यायचं,
‘हो गं, जेवून राहिलेय, जेवून राहिलेय.’
इतका लहान आवाज तिचा एरवी नव्हता.”

मी काय बोलणार.
मावशी जाऊन दोन वर्षं झाली.
कातळावर ती धार एकदा डावीकडे गेली, परत आली.

उतरताना त्या पांढऱ्या झाडाशी
कुंदा थांबली, खोडावर हात ठेवला.
“कड़ाया,” म्हणाली. ‘ड’ तिला नीट जमला नाही.
गुमानसिंग हसला, पण तिला कळेल असा नाही.

फाटकाशी चौकीदारानं रजिस्टर पुढे सरकवलं.
परतीच्या रकान्यात वरती सगळं कोरं,
बाहेर पडताना कोण थांबतं.
पेन कुंदाच्या हातात होतं.
तिनं घड्याळ बघितलं नाही.
सुबक, वळणदार, पुण्याच्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं,
‘निघून राहिलोय.’

“मैडम, टाइम,” चौकीदार म्हणाला, “टाइम लिखो.”